टेकडी दिसत नसताना

माझ्या वडिलांना ज्या कागदाने दोषी ठरवलं तो कागद मीच लिहिला होता. यवतमाळच्या कॉलेजात नाव घालून तेव्हा मला वर्षही झालं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी एका माणसावर सूड घेतला, आणि ती गोष्ट सांगताना स्वतःला बाजूला ठेवलं तर सगळंच खोटं होईल.

आमचं गाव बोरी अरबपासून पायी तासाभराच्या वाटेवर आहे. छप्पन साली आमच्या वस्तीने दीक्षा घेतली आणि बाबांनी गावकीची कामं सोडली. मेलेली ढोरं ओढणं नाही, पाटलाचा निरोप घेऊन या गावाहून त्या गावाला पळणं नाही, कोणी ‘ए’ म्हणून हाक मारली की धावत जाणं नाही. त्यानंतर कित्येक दिवस गावात कोणी त्यांना काम सांगितलं नाही. बाबा दूरदूरच्या वावरांत मजुरी करून आले, पण ती कामं पुन्हा धरली नाहीत.

मग एका पावसाळ्यात कपाशीवर औषध फवारायला विमान येणार अशी बातमी आली. गायरानात रोलर फिरवून लांब पट्टी तयार केली गेली. औषधाची पिंपं आली, मुंबईकडची एक कंपनी आली, तिचा मॅनेजर आला. त्यांना झेंडीवाले हवे होते. विमान शेतावरून फवारत जाताना सरळ कुठे जायचं हे वैमानिकाला कळावं म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस बांबूला बांधलेली झेंडी वर धरून उभा राहतो. विमान डोक्यावरून गेलं की ठरलेली पावलं मोजून बाजूला सरकायचं आणि पुन्हा झेंडी वर करायची. काम सोपं वाटतं. पण पहिल्या दिवशी विमान माणसाच्या उंचीवर आल्यासारखं घरघरत आलं, तेव्हा गावातली तगडी पोरं बांबू टाकून धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, पळाली. बाबा पळाले नाहीत. औषधात डोक्यापासून पायापर्यंत भिजले आणि तिथेच पावलं मोजत राहिले.

त्या दिवशी घरी येऊन ते मायला म्हणाले, “हे काम माह्या बापाकडून नाही आलं मले. उभं राह्यलो म्हून भेटलं.”

माय म्हणाली, “उभे राह्यले ते दिसते, पण आंगाचा वास काहून असा येऊन राह्यला? बाहेरच आंघोळ करा.”

वैमानिक पंजाबकडचा, पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा होता. बाबांना तो चाचा म्हणायचा. दुपारी त्यांच्या फडक्यातली भाकर आणि ठेचा मागून घ्यायचा, ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढायचा आणि पुन्हा मागायचा. गावातल्या कोणत्याही घरात बाबांच्या हातची भाकर तेव्हा कोणी खाल्ली नसती. त्या दोघांनी आपसात एक नियम ठरवला होता. शेतांच्या पलीकडे एक टेकडी होती आणि टेकडीवर मोहाचं एकच मोठं झाड. शेत संपलं की विमान त्या टेकडीच्या अंगाला वर उचलून वळवावं लागे. वैमानिकाने सांगितलं होतं, “चाचा, जब तक वो पेड़ दिखे, झंडी ऊपर. पेड़ न दिखे तो झंडी नीचे. झंडी नहीं दिखेगी तो मैं लौट जाऊँगा.” विमानातून खाली बघताना ढगाचा नेम नीट लागत नाही, जमिनीवरच्या माणसाला तो लागतो, असं त्याचं म्हणणं होतं. बाबा हा नियम मला पाठ म्हणून दाखवायचे.

पोळ्याच्या सुट्टीत मी घरी आलो होतो. आमच्या घरी पोळा बंद झाला होता, पण कॉलेजची सुट्टी तर मिळतच होती. सकाळी बाबांबरोबर मीही शेतावर गेलो. दोन दिवस झड लागली होती. पाऊस थांबला होता, पण ढग एवढे खाली उतरले होते की मोहाचं झाड सोडा, अर्धी टेकडीही नव्हती. बाबांनी झेंडी गुंडाळून बांबू मांडीवर घेतला आणि धुऱ्यावर बसले.

विमानाचा आवाज आला. वरून एक फेरी झाली. तेवढ्यात मॅनेजरची जीप चिखल उडवत आली. मागे तालुक्याचे दोन-तीन अधिकारी बसले होते, फवारणी बघायला आणलेले. मॅनेजर जीपमध्येच उभा राहून ओरडला, “ए झेंडीवाल्या! झोपला का? वर कर!”

बाबा उठले. “सायेब, झाड नाही दिसून राह्यलं.”

“झाडाला काय करायचंय? ए, ऐकू येत नाही का? वर कर म्हणतो ना!”

बाबांनी झेंडी वर केली.

मी दहा हातांवर होतो. मला अजून दिसतं की त्यांनी विचार करून हात वर केला नाही. आवाज आला आणि हात वर गेला. सहा वर्षांपूर्वी सोडलेली जुनी सवय त्या हातात कुठेतरी शिल्लक होती. पलीकडच्या टोकाच्या माणसाने बाबांची झेंडी बघून आपली उचलली. विमान आलं, पांढरी धार सोडत आमच्यावरून गेलं, शेताच्या टोकाला वर उचललं आणि ढगात शिरलं. मग आवाज थांबला. मोठा धडाका वगैरे काही ऐकू आला नाही. एक दबका ठोका, आणि मग नुसते कावळे.

टेकडीवर पहिले पोचले ते बाबा. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते स्वतःही कधी बोलले नाहीत.

चार दिवसांनी शाळेच्या खोलीत चौकशी झाली. चौकशीचे साहेब बाहेरून आलेले, सभ्य बोलणारे होते. बाबांना सही करता यायची, लिहिता यायचं नाही. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, “हा मुलगा कॉलेजात आहे म्हणता? मग तूच लिही. अक्षर नीट काढ.” मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. मला अभिमान वाटला. आमच्या घराण्यात सरकारी टेबलाशी खुर्चीवर बसून लिहिणारा मी पहिला होतो.

साहेब म्हणाले, “एक लक्षात ठेव. जबाबात माणसाने स्वतः केलं तेवढंच लिहायचं. दुसरा काय म्हणाला ते दुसरा आपल्या जबाबात सांगेल.”

मला हा नियम पटला. पुस्तकातला वाटला. मी लिहिलं: ढगामुळे टेकडी व झाड दिसत नव्हते. विमान वर आले तेव्हा मी झेंडी वर केली.

बाबा हळूच म्हणाले, “अन् सायेब ओरडले थे?”

मी त्यांना समजावलं, “ते साहेब स्वतः सांगतीन ना, बाबा. आपण नाही लिहायचं. नियम आहे.”

त्यांनी मुलाच्या शिक्षणावर विश्वास ठेवून सही केली. चौकशीच्या साहेबांनी माझ्या अक्षराची तारीफ केली. त्यानंतर मॅनेजरने सांगितलं की आपण पिंपांजवळ होतो, शेतावर नंतर पोचलो. जीपमधल्या अधिकाऱ्यांनीही तेच सांगितलं. अहवालात आलं की झाड दिसत नसल्याचं माहीत असूनही झेंडीवाल्याने झेंडी वर केली. पुरावा म्हणून माझी दोन वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती.

बाबांचं काम गेलं हे वेगळंच. गावात त्यांचं नाव ‘विमानपाड्या’ पडलं. ते पारावरून चालले की कोणीतरी हात वर करायचा आणि दुसरा ओरडायचा, “अबे, खाली कर, खाली कर! एस्टी येऊन राह्यली, पडन ना!” मग सगळे हसायचे. बाबा मान खाली घालून निघून जायचे. दीक्षेनंतर त्यांची मान खाली गेलेली मी पाहिली नव्हती.

मी वसतिगृहात परत आलो, पण अभ्यासात मन लागेना. मी स्वभावाने भित्रा आहे. वर्गात प्रश्न विचारायलाही मला आठवडा लागायचा. तरी त्या वर्षभरात रोज सकाळी तोंड धुताना मी त्या मॅनेजरचा चेहरा समोर आणत असे. विसरू नये म्हणून. त्याची माफी मला नको होती. त्याने बाबांच्या पाया पडावं असंही वाटत नव्हतं. त्याचं काम जावं, लोकांदेखत जावं आणि ते त्याच्याच हाताने जावं, एवढंच मला हवं होतं. आम्हाला कागदाने बुडवलं होतं, तेव्हा कागदच हवा होता.

पुढच्या पावसाळ्यात तीच कंपनी पांढरकवड्याकडे आली. मॅनेजर तोच होता. वडील आजारी आहेत असं वसतिगृहाच्या सरांना खोटं सांगून मी निघालो. कॉलेजचे कपडे ट्रंकेत ठेवले, बाबांचं जुनं धोतर नेसलो आणि झेंडीवाला म्हणून उभा राहिलो. मॅनेजरने मला ओळखलं नाही. ओळखण्यासाठी आधी बघावं लागतं, आणि मागच्या वर्षी त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

पहिले नऊ-दहा दिवस ऊन होतं. मी औषधात भिजत पावलं मोजत राहिलो आणि ढगांची वाट बघत राहिलो. कपाशीत उभं राहून वाईट हवामानाची वाट बघणारा त्या सगळ्या मुलखात मी एकटाच असेन. वैमानिक या वेळी वयस्क होता. फार कमी बोलायचा. झाड-झेंडीचा नियम मात्र इथेही होता, फक्त झाडाऐवजी डोंगराच्या कडेला एक पांढरा दगड होता.

मग झड लागली. तीन दिवस फवारणी बंद राहिली. चौथ्या दिवशी पाऊस ओसरला, पण डोंगरावर ढग बसून होता आणि पांढरा दगड दिसत नव्हता. मी झेंडी गुंडाळून ठेवली.

मॅनेजर आला. बरोबर शेताचा मालक होता, जाडजूड, हसरा माणूस. त्याच्या कपाशीवर अळी चढली होती.

“झेंडी खाली का?” मॅनेजरने विचारलं.

“दगड नाही दिसून राह्यला, साहेब.”

“तुला दगड बघायला ठेवलंय का? विमान सुटतंय आता. वर कर.”

मी मुद्दाम घाबरल्यासारखं केलं. फार करावं लागलं नाही. “साहेब, मागच्या साली झेंडीवाल्यावर आलं म्हनते लोकं. मले भेव वाटते. लिहून द्या ना एक चिठ्ठी.”

शेताचा मालक खो खो हसला. “अरे वा रे वा! झेंडीवाला तं वकील निंगाला!”

“लिहून दिलं तर वाचता येईल का तुला?” मॅनेजर म्हणाला.

“नाही साहेब. पण खिशात राहीन तं भेव जाईन.”

मालकाला मोठी गंमत वाटली. “द्या ना हो लिहून, साहेब. ताईत समजून ठेवीन थो गळ्यात. माह्या पऱ्हाटीले अळी खाऊन राह्यली अन् तुम्ही घोळ घालून राह्यले.”

मॅनेजरही हसला. त्याने खिशातली डायरी काढली, जीपच्या बॉनेटवर ठेवून एक पान लिहिलं, फाडलं आणि माझ्या हातात कोंबलं. मी कागद उलटा धरला, म्हणजे वाचता येत नाही असं वाटावं. उलटाही मला वाचता येत होता. डोंगर दिसत नसला तरी झेंडी वर करावी, हा माझा हुकूम आहे. खाली पूर्ण सही, तारखेसह.

ज्यासाठी मी वर्षभर जगलो ते माझ्या हातात होतं.

आणि विमान आलं. पट्टीवरून उठून ते ढगाखालून आमच्याकडे वळत होतं. मॅनेजर ओरडला, “हं, आता कर वर!”

इथे मला खरं लिहायचं आहे. तो कागद एकटा काहीच नव्हता. विमान सुखरूप परतलं तर उद्या तो म्हणेल, गंमत केली होती. तो कागद खरा ठरायला त्याच्यामागे अपघात हवा होता. हे मला तिथेच, त्याच क्षणी कळलं. मी झेंडी वर केली असती तर हा माणूस जन्मभर उठला नसता. विमानात बसलेल्या माणसाशी माझी ओळख नव्हती. त्याने माझी भाकर खाल्ली नव्हती. मी बांबू सोडवला होता, झेंडी उलगडली होती, बांबूचं टोक जमिनीवरून उचललं होतं. किती उचललं होतं ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या खांद्यापर्यंत आलं होतं.

मग मी तो चिखलात आडवा टाकला आणि झेंडीच्या कापडावर बसलो. चांगुलपणा म्हणून नाही. बाबा टेकडीवरून उतरले तेव्हाचा त्यांचा चेहरा आठवला, एवढंच.

विमानाने एक फेरी मारली आणि ते परत गेलं. मॅनेजरने माझ्या कानाखाली वाजवली. दुसरी वाजवली. “हरामखोरा, ऊठ!” मी उठलो नाही. शेताचा मालक हसायचा थांबला होता.

मॅनेजर निघून गेल्यावर मी अडीच-तीन मैल चालत पट्टीवर गेलो. वैमानिक विमानाच्या पंखाखाली स्टुलावर बसून चहा पीत होता. मी कागद त्याच्यासमोर धरला, पण हातातून सोडला नाही. त्याने चष्मा लावून तो बघितला, मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला आणि हिंदीत अर्थ विचारला. मग म्हणाला, “आज की तारीख है.”

“जी.”

“और तुम पढ़े-लिखे हो.”

“जी.” मग मी त्याला मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं, माझ्या दोन वाक्यांसकट. मेलेल्या मुलाला तो ओळखत होता. त्याने चहा जमिनीवर ओतला आणि म्हणाला, या माणसाच्या हाताखाली मी उद्यापासून विमान उडवणार नाही. कागदाची नक्कल त्याने आपल्या हाताने करून घेतली आणि कंपनीला पत्र लिहिलं. पिकावर अळी आणि वैमानिक बसून, मग कंपनीला निवड करावी लागली. आठवड्याच्या आत मॅनेजरला काढल्याचं कळलं.

मी एस्टी स्टँडवर गेलो. मुद्दाम गेलो. कॉलेजचा पांढरा शर्ट घालून गेलो. तो ट्रंक आणि वळकटी घेऊन बाकावर बसला होता. मी समोर उभा राहून म्हटलं, “मी बोरीकडच्या झेंडीवाल्याचा मुलगा.”

त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच बघितलं. “तुझ्या बापाने झेंडी वर केली होती,” तो म्हणाला. “मी नाही.”

“तुम्ही ओरडले होते.”

“ओरडलो. म्हणून काय झालं? त्याने करायची नव्हती. तू केलीस का?”

त्याची बस लागली. टपावर ट्रंक चढवायला हमाल मिळेना, तेव्हा तो स्वतः शिडी चढला, आणि एकदा त्याचा पाय घसरला. मी मदत केली नाही. सूड घेऊन समाधान मिळत नाही असं पुष्कळ लोक सांगतात. मला मिळालं. त्या दिवशी मी हॉटेलात दोन प्लेट भजी खाल्ली आणि ती मला फार गोड लागली.

गावी जाऊन मी बाबांना कागद वाचून दाखवला. मला वाटलं होतं ते पारावर घेऊन जातील, ओरडणाऱ्या लोकांना दाखवतील. चौकशीचा जुना अहवाल बदलणार नाही हे मी यवतमाळच्या कचेरीत विचारून आलो होतो. हा कागद यंदाचा, तो अपघात गेल्या सालचा, असं उत्तर मिळालं होतं. पण गावाला तर दाखवता आलं असतं.

बाबांनी विचारलं, “त्या पोराची माय हाये का, जिती?”

वैमानिकाकडून मी पत्ता आणला होता. का आणला ते मलाही नीट सांगता येत नाही. आई होती.

“मंग तिले लिही. तिले वाटत असन, कोन्या अडाण्यानं माह्या पोराले ढगात घातलं. हिंदीत लिही. सायेब कसे ओरडले ते लिही. या सालचा कागद बी उतरून दे.”

मी खूश झालो. दारात बसून लिहायला घेतलं. मॅनेजरची जीप, त्याचे शब्द, त्याचं चौकशीतलं खोटं, सगळं एका दमात लिहिलं आणि वाचून दाखवलं.

बाबा म्हणाले, “अन् झेंडी?”

“कोणती झेंडी?”

“म्या वर केली. थे नाही लिहिलं तुनं.”

मी म्हटलं, “ते कशाला, बाबा? त्याच एका वाक्याने तर सगळं झालं. माझ्यामुळे झालं.”

“तुह्यामुळं नाही. तुनं लिहिलं थे खरंच होतं. अर्धं होतं. आता तू दुसरं अर्धं लिहून राह्यला. पोरगं गेलं तिचं. तिले पुरं पायजे.”

मी पेन हातात धरून बसलो. ते वाक्य त्या बाईपर्यंत जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. माझ्या सूडात बाबा कुठेही नको होते, फक्त तो एकटा हवा होता. माय चुलीपासून म्हणाली, “लिही ना बाबू. थे सांगून राह्यले ना.”

मी लिहिलं. झाड दिसत नव्हतं, तरी झेंडी माझ्या वडिलांनी वर केली, आणि त्यांना त्याचं दुःख आहे. बाबांनी खाली सही केली. कागद फिरवून ते बराच वेळ बघत राहिले, जणू वाचत आहेत.

साहेबाच्या ओरडण्याचं वाक्य मात्र मी ठळक अक्षरात गिरवून ठेवलं होतं. ते त्यांना कळलं नाही. मी सांगितलंही नाही.